एक कोटीचे देणे आणि ट्रस्टची ढाल

कलकत्त्याचे व्यापारी द्वारकानाथ टागोर १ ऑगस्ट १८४६ रोजी लंडनमध्ये वारले. तेव्हा त्यांचे वय पन्नाशीच्या किंचित पुढे होते. मागे देवेंद्रनाथ, गिरींद्रनाथ आणि नगेंद्रनाथ असे तीन मुलगे राहिले. मालमत्तेत बंगाल आणि ओरिसातल्या जमीनदाऱ्या होत्या, जोडासांकोतली घरे होती, बेलगाछियाचा आलिशान बाग-बंगला होता. शिवाय कोळसा, नीळ, रेशीम आणि जहाजवाहतूक यांत हात घातलेली 'कार, टागोर अँड कंपनी' ही पेढी होती. पुढच्या दीड वर्षात ती पेढी बसली आणि कोटीच्या घरातले देणे तिघा भावांच्या अंगावर आले. या हकिगतीचे जे रूप बंगालात आणि बंगालबाहेर रूढ झाले, ते असे : वडील ऐषआरामी, मुलगा विरागी, वडिलांनी कर्ज केले, ऋषितुल्य मुलाने ते पै-पैने फेडले. देवेंद्रनाथांना लोक 'महर्षी' म्हणू लागले त्यामागे ब्राह्मसमाजाचे कार्य होते, तशीच या परतफेडीची कीर्तीही होती. ही गोष्ट खोटी नाही. पण ती इतक्यावर संपवली तर तिचा निम्मा अर्थ हरवतो. हे देणे निभावले याचे श्रेय केवळ मुलाच्या सचोटीला देता येत नाही. आठ वर्षे आधी वडिलांनी जो सावधपणा केला होता, त्याच्याशिवाय त्या सचोटीला बाजारात काही किंमतच आली नसती. 'ऐषआरामी' बापाचा व्यवहार आणि 'विरागी' मुलाचा त्याग ही दोन एकमेकांविरुद्धची टोके मानण्यापेक्षा एकाच तडजोडीचे दोन भाग मानावे लागतात, आणि कागदपत्रे, तारखा, त्या काळचे कायदे हे सगळे त्याच बाजूने बोलतात.

आधी द्वारकानाथांचा धंदा कशावर उभा होता ते पाहू. दत्तक वडिलांकडून त्यांना बिराहीमपूरची जमीनदारी आली होती. तरुणपणी त्यांनी जमीनदारांचे कायदेशीर सल्लागार म्हणून नाव कमावले, मग कंपनी सरकारच्या मीठ आणि अफूच्या खात्यात दिवाणगिरी केली. १८२९ साली कलकत्त्यात युनियन बँक निघाली तिच्या उभारणीत ते होते. १८३४ मध्ये सरकारी चाकरी सोडून त्यांनी विल्यम कार या इंग्रजाबरोबर भागीदारीत पेढी काढली. एका हिंदी माणसाने इंग्रजांबरोबर बरोबरीच्या नात्याने आधुनिक धर्तीची पेढी चालवावी, ही तेव्हा नवलाईची गोष्ट होती. मात्र वर्ष लक्षात ठेवण्यासारखे आहे. १८३० च्या जानेवारीत पामर कंपनी बुडाली आणि पुढच्या चार वर्षांत अलेक्झांडर, मॅकिंटॉश, फर्ग्युसन, क्रटेंडन अशा कलकत्त्याच्या मातब्बर एजन्सी हाउसेसनी एकामागून एक दिवाळे काढले. या पेढ्या लोकांच्या ठेवी घेत आणि त्या निळीच्या मळ्यांत गुंतवत. निळीचा भाव पडला की सगळी इमारत खाली येई, आणि त्याबरोबर विधवांची, पेन्शनरांची, लष्करी अधिकाऱ्यांची शिल्लकही जाई. द्वारकानाथांची पेढी या पडझडीच्या ढिगाऱ्यावरच उभी राहिली. राणीगंजची प्रसिद्ध कोळशाची खाण त्यांनी १८३६ मध्ये घेतली ती बुडालेल्या अलेक्झांडर कंपनीच्या मालमत्तेतूनच. म्हणजे दिवाळे निघाल्यावर मालमत्तेचे काय होते, लिलावात चांगली वस्तू किती स्वस्त जाते, हे त्यांनी घेणाऱ्याच्या बाजूने जवळून पाहिलेले होते.

ही जाण असलेल्या माणसाने १८४० साली एक दस्त केला. बिराहीमपूर, काळीग्राम, शहाजादपूर या बंगालमधल्या आणि पांडुआ ही ओरिसातली, अशा जमीनदाऱ्या त्यांनी ट्रस्टमध्ये घातल्या. उत्पन्न वारसांनी वापरावे, पण जमीन कोणाच्या वैयक्तिक कर्जासाठी जाऊ नये, अशी ही व्यवस्था होती. ती का करावी लागली हे समजायला त्या काळच्या भागीदारीचा नियम ध्यानात घ्यायला हवा. आज कंपनी बुडाली तर भागधारकाचे शेअरचे पैसे जातात, घर जात नाही. त्या काळी हिंदुस्थानात अशी मर्यादित जबाबदारी नव्हती. ती १८५७ च्या कायद्याने आली आणि बँकांना तर १८६० पर्यंत थांबावे लागले. भागीदार हा पेढीच्या सगळ्या देण्याला घरादारासकट बांधलेला असे. पेढी आणि घर यांच्यामध्ये कायदा भिंत घालत नव्हता, म्हणून द्वारकानाथांनी स्वतः एक भिंत बांधून घेतली.

मराठी वाचकाला इथे एक शंका येईल, आणि ती रास्त आहे. वडिलोपार्जित जमीन बापाने एकट्याने सही करून ट्रस्टमध्ये कशी घातली? आपल्याकडे मिताक्षरा चालते. तीत मुलाला वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतःच हिस्सा मिळतो आणि बापाचे हात बांधलेले असतात. बंगालात जीमूतवाहनाचा दायभाग चाले. त्यात बाप जिवंत असेपर्यंत मुलाला हक्क नाही. बाप विकू शकतो, दान देऊ शकतो, मृत्युपत्राने वाटू शकतो. पुण्याच्या किंवा नाशिकच्या एखाद्या सावकाराला १८४० मध्ये आपल्या वडिलोपार्जित वतनाबाबत असा दस्त करणे जवळजवळ अशक्य होते. भिंत बांधण्याची मुभा बंगालच्या धर्मशास्त्राने दिली आणि तिचा आराखडा इंग्रजी ट्रस्टच्या कल्पनेने पुरवला. दोन वेगळ्या परंपरांतला हा सांधा एका व्यापाऱ्याने आपल्या सोयीसाठी जुळवला.

मग १८४३ चे मृत्युपत्र. त्यात घरांची वाटणी होती आणि पेढीतला द्वारकानाथांचा आठ आणे भाग थोरल्या देवेंद्रनाथांना दिलेला होता. देवेंद्रनाथांनी तो एकट्याने ठेवला नाही, तिघा भावांत वाटून घेतला. बंधुप्रेम म्हणून हे छान दिसते. हिशेबाच्या नजरेने पाहिले तर तिघेही आता देण्याला जबाबदार झाले. त्यापुढचे पाऊल आणखी महागात पडले. देवेंद्रनाथ आत्मचरित्रात सांगतात की, पेढीचे भांडवल सगळे आपलेच आहे, साहेबांचे काहीच नाही, मग त्यांना नफ्यात हिस्सा कशाला, असे गिरींद्रनाथांनी सुचवले आणि इंग्रज भागीदारांना पगारी करण्यात आले. नफा वाटून घ्यायला कोणी उरले नाही, तसेच तोटा वाटून घ्यायलाही. व्यवहारात तरबेज मानल्या गेलेल्या धाकट्या भावाची ही चूक आत्मचरित्र वाचताना सहज नजरेआड होते, कारण पुढे आध्यात्मिक मजकूर येतो आणि लक्ष तिकडे जाते.

१८४७ च्या अखेरीस लंडनच्या बाजारात घबराट झाली. हिंदुस्थानशी व्यापार करणाऱ्या तिथल्या पेढ्या कोसळल्या, त्यांच्या हुंड्या न वटता परत आल्या, निळीचा भाव पडला. युनियन बँकेने आपले बहुतेक भांडवल निळीवर कर्जाऊ दिलेल्या मोजक्या पेढ्यांत अडकवले होते. १८४८ च्या जानेवारीत ती बंद पडली. पाठोपाठ मुदतीला आलेल्या हुंडीचे पैसे देता न आल्याने कार, टागोर कंपनीचेही दार बंद झाले. काही दिवसांतच पेढीचा मुख्य अधिकारी गॉर्डन याने धनकोंची सभा बोलावून ताळेबंद मांडला. देवेंद्रनाथांनी दिलेले आकडे असे : देणे एक कोटी, येणे सत्तर लाख, तूट तीस लाख. हे आकडे त्यांनी उतारवयात आठवणीतून दिलेले आहेत, त्यामुळे ते ढोबळ मानणेच बरे. पण एक गोष्ट आकड्यांच्या ढोबळपणानेही बदलत नाही. 'येणे सत्तर लाख' हे वहीतले येणे होते. ज्यांच्याकडून ते यायचे ते नीळवाले आणि पेढीवाले त्याच महिन्यांत स्वतः बुडत होते. म्हणून खरी तूट वहीतल्या तुटीपेक्षा मोठी असणार, हे सभेला बसलेल्या प्रत्येक मुरब्बी व्यापाऱ्याला न सांगता कळत होते.

सभेत गॉर्डनने सांगितले की मालक आपली सगळी मालमत्ता द्यायला तयार आहेत, फक्त ट्रस्टमधल्या जमिनींना कोणाला हात लावता येणार नाही. हे कायद्याला धरूनच होते. तेव्हा देवेंद्रनाथांनी भावाशी विचारविनिमय करून जाहीर केले की ट्रस्ट कायद्याने सुरक्षित असला तरी धनकोंचे देणे भागवण्यासाठी आम्ही तोही मोडायला राजी आहोत. आत्मचरित्र म्हणते की हे ऐकून धनकोंची मने हेलावली. त्यांनी मालमत्ता ताब्यात घेतली आणि कुटुंबाच्या खर्चासाठी वर्षाला २५,००० रुपये नेमून दिले. तीस लाखांच्या तुटीशी ताडून पाहिले तर ही रक्कम तुटीच्या एक टक्क्याहूनही कमी भरते, तरी ज्यांना वसुली करायची आहे अशा लोकांनी ती आपणहून द्यावी हे विशेषच. पुढे कारभारही धनकोंनी गिरींद्रनाथांच्या स्वाधीन केला आणि हप्त्याहप्त्याने देणे भागवण्याची मोकळीक दिली.

धनकोंची मने हेलावली असतील, नाही कोण म्हणतो. पण व्यापारी अश्रूंच्या बळावर लाखांची वसुली सोडून देत नाहीत. त्यांच्यासमोर दुसरा पर्याय काय होता, हा प्रश्न विचारला की त्यांचा निर्णय उमगतो. कोर्टात जावे तर दिवाळखोरीची प्रक्रिया, वकिलांची फी, वर्षानुवर्षांची दिरंगाई. लिलाव करावा तर १८४८ च्या कलकत्त्यात गिऱ्हाईक कुठे? जो तो आपलीच मालमत्ता विकायला निघालेला. त्यातही जमीनदारी ही बैठी मालमत्ता नव्हे. १७९३ च्या कायमधाऱ्याखाली सरकारी सारा ठरलेल्या दिवशी सूर्यास्तापूर्वी भरला नाही तर जमीनदारीच लिलावात निघे. रयतेकडून वेळेवर वसूल करणारे नायब-गुमास्ते, त्यांच्यावर नजर ठेवणारा मालक आणि गावागावांतली जुनी वहिवाट यांशिवाय जमीनदारीचे उत्पन्न हाती लागत नाही. कलकत्त्यातल्या धनकोंच्या समितीला पद्माकाठच्या गावांत हे जमणे अवघड होते, टागोरांना ते जमत होते. धनकोंना अधिक पैसे मिळण्याचा मार्ग टागोरांच्या हातूनच जात होता. अडचण विश्वासाची होती : कारभार यांच्याकडे ठेवला तर हे उत्पन्न दडवणार नाहीत कशावरून? या प्रश्नाला तोंडी आश्वासनाने उत्तर देता येत नाही. जो आपल्या हातातली सर्वांत मोलाची आणि कायद्याने वाचवता येणारी वस्तू पुढे ठेवतो, तो बाकीचे लपवणार नाही असा कयास बांधायला निदान आधार असतो. ट्रस्ट नसता तर त्या जमिनी धनकोंनी नाहीतरी घेतल्याच असत्या आणि देवेंद्रनाथांच्या 'घ्या' म्हणण्याला काहीच मोल उरले नसते. ढाल होती म्हणूनच ती खाली ठेवण्याला अर्थ आला.

यावर पहिली हरकत अशी येईल की या सगळ्याचा साक्षीदार एकच, आणि तो स्वतः देवेंद्रनाथ. ज्याला धर्मपुरुष म्हणून ओळखले जायचे आहे तो आपल्या त्यागाची कथा उजळून सांगणारच. घरातली गाडी-घोडी गेली, नोकरचाकर कमी केले आणि आपल्याला मात्र मोकळे वाटले, असे जिथे ते लिहितात तिथे वाचकाने थोडे सावध राहावे हे मान्य. पण माझा युक्तिवाद त्यांच्या मनःस्थितीवर उभा नाही. तो शेवटी काय उरले आणि काय गेले यावर उभा आहे, आणि ते आत्मचरित्राबाहेरूनही दिसते. पेढी गेली. खाणी, गोदी, जहाजे यांतली टागोरांची सत्ता गेली. बेलगाछियाचा बंगला पाइकपाड्याच्या सिंह घराण्याकडे गेला. १८५८ मध्ये तिथे त्यांनी नाटके केली ती बंगाली रंगभूमीच्या इतिहासात नोंदली गेली आहेत. आणि जमीनदाऱ्या राहिल्या. १८९० नंतर रवींद्रनाथ शिलाइदहला जाऊन राहिले ती जागा बिराहीमपूरच्या जमीनदारीतली. नेमक्या ट्रस्टमध्ये घातलेल्या जमिनी घराण्यात टिकल्या, हा योगायोग म्हणून सोडून देता येत नाही.

दुसरी हरकत जास्त धारदार आहे. धंद्यात कर्ज घेत राहायचे आणि चांगली मालमत्ता आधीच बाजूला काढून ठेवायची, ही धनकोंची फसवणूक नव्हे काय? इंग्लंडात १५७१ पासून एलिझाबेथ राणीच्या काळचा एक कायदा होता. धनकोंना चकवण्याच्या हेतूने केलेले हस्तांतर त्याने रद्द ठरत असे, आणि कलकत्त्याच्या सुप्रीम कोर्टात इंग्रजी कायदा चाले. मग हा दस्त टिकला कसा? सगळे येते ते हेतू आणि वेळ यांवर. १८४० मध्ये द्वारकानाथ सुस्थितीत होते, त्यांची पत उत्तम होती, पेढीचा व्याप वाढत होता. बुडू लागल्यावर घाईघाईने बायकोच्या नावावर घर करणारा आणि बुडण्याच्या आठ वर्षे आधी, देणे भागवण्याइतकी ऐपत असताना, कुटुंबासाठी तरतूद करणारा, यांच्यात कायदाही फरक करतो आणि व्यवहारही. तरीही हा आक्षेप पुरता फेटाळावा असे मला वाटत नाही. पेढीला कर्ज देणाऱ्या किती जणांना कळत होते की त्यांनी पाहिलेल्या वैभवातला मोठा भाग त्यांच्या कर्जाला तारण नाही? टागोरांची पत ही त्या जमिनींच्या दर्शनावर उभी होती. या अर्थाने देवेंद्रनाथांची तयारी औदार्यापेक्षा ऋणमोचनाच्या जवळ जाते : पत ज्याच्या जोरावर मिळाली ते शेवटी तिच्यासाठी पुढे ठेवणे.

याच हरकतीला आणखी एक पोट-हरकत आहे, आणि ती कायद्याच्या जाणकाराला लगेच सुचेल. ट्रस्ट वंशजांसाठी होता. १८४८ मध्ये देवेंद्रनाथांना मुले होती, द्विजेंद्रनाथ आणि सत्येंद्रनाथ जन्मलेले होते. अल्पवयीन मुलांचा आणि अजून न जन्मलेल्यांचा हक्क बापाने सभेत उभे राहून सोडून दिला तर तो सुटतो काय? काटेकोरपणे पाहिले तर आपला आयुष्यभराचा उपभोग सोडणे एवढेच त्यांच्या हाती असावे. मग त्यांची घोषणा पोकळ ठरते का? मला तसे वाटत नाही. उलट पुढे जे घडले त्याचा खुलासा इथेच मिळतो. धनकोंनी जमिनी विकल्या नाहीत, त्यांचे उत्पन्न घेतले. विकायला गेले असते तर एखाद्या नातवाने पुढे दावा लावण्याची भीती खरेदीदाराला वाटली असती आणि भाव आणखी पडला असता. मूळ जमीन वंशजांची राहिली, तिचे फळ काही वर्षे धनकोंना मिळाले. देवेंद्रनाथ जे कायद्याने देऊ शकत होते तेच शेवटी घेतले गेले, आणि ते पुरेसे ठरले.

हाच प्रसंग मुंबईत घडला असता तर? इथे शास्त्र आणि सरकार दोघांनीही वेगळी वाट धरली होती. बापाचे ऋण फेडणे हे मुलाचे धार्मिक कर्तव्य, ही कल्पना सगळ्या हिंदू शास्त्रांत आहे. पण मुंबई इलाख्यात तिची अंमलबजावणी अतिशय कडक होती : बापाची एक कवडीही वारशात मिळाली नसली तरी मुलगा बापाच्या कर्जाला जबाबदार धरला जाई, आणि नातवालाही व्याज सोडून मुद्दल द्यावे लागे. १८६६ साली मुंबई सरकारने हिंदू वारसांना सवलत देणारा सातवा कायदा केला तेव्हा कुठे ही जबाबदारी हाती आलेल्या मालमत्तेपुरती मर्यादित झाली. दुसऱ्या टोकाला धनकोंनाही लगाम होता तो दामदुपटीचा. एका वेळी वसूल करायचे व्याज मुद्दलाहून जास्त होता कामा नये, हा नियम मुंबई इलाख्यात कोर्टे पाळत. धर्माने मुलावर ओझे टाकले, पण ते वाढत जाण्यालाही हद्द घातली, हे न्यायाचे गणित मला आजच्या अनेक कर्जकरारांपेक्षा सुसंगत वाटते. देवेंद्रनाथांचे एक वैशिष्ट्य इथे नजरेत भरते. शास्त्रात पिंड देणे आणि ऋण फेडणे ही एकाच वारशाची दोन कर्तव्ये. ब्राह्म मताच्या देवेंद्रनाथांनी शाळिग्राम पुढे ठेवून श्राद्ध करायला नकार दिला, आप्तांचा रोष ओढवून घेतला. आणि ऋणाचा भाग मात्र शास्त्राने मागितला असता त्याहूनही पुढे जाऊन उचलला.

सभेतली तडजोड झाली म्हणजे सगळे सुरळीत झाले असे नाही, आणि कथेतला हा भाग सहसा घाईने उरकला जातो. तडजोडीला बळ होते ते सगळे धनको राजी असेपर्यंत. एखाद्याने 'मला हप्ते नकोत, माझे आत्ता द्या' म्हटले तर त्याला थांबवायला कायदा नव्हता. बहुसंख्यांचा ठराव अल्पसंख्यांवर बांधील नव्हता. १८५४ मध्ये गिरींद्रनाथ वारले. हिशेबाची बाजू सांभाळणारा भाऊ गेला आणि त्याने व धाकट्या नगेंद्रनाथांनी केलेली कर्जेही देवेंद्रनाथांपुढे आली. अशा वेळी एका धनकोने चौदा हजारांच्या दाव्यावर हुकूमनामा मिळवून देवेंद्रनाथांना अटक करवली. लाखांची फेड चालू असताना चौदा हजारांसाठी पकडले जाणे हे अपमानास्पद होतेच. पण त्यातून व्यवस्थेतली फट स्पष्ट दिसते. जो आडमुठेपणा करील त्याला आधी पैसे मिळतात, हे एकदा कळले की समंजस धनकोंनीही समंजस का राहावे? चुलते प्रसन्नकुमार टागोर, जे कलकत्त्यातले नामांकित वकील होते, यांनी मध्ये पडून प्रकरण निस्तरले. मुंबईत १८६५ साली अमेरिकन यादवी युद्ध संपताच कापसाचा भाव कोसळला आणि शेअर बाजार बुडाला, तेव्हा बुडीत व्यापाऱ्यांचे व्यवहार लवकर निकाली निघावेत म्हणून त्याच वर्षी २८ व्या क्रमांकाचा खास कायदा करावा लागला. १८४८ च्या कलकत्त्यात त्या जागी होती फक्त एका घराण्याची पत आणि एका नातेवाइकाची वकिली. प्रत्येक बुडालेल्या घराला प्रसन्नकुमार मिळत नाही, म्हणून कायदे लागतात.

आता तिसरी हरकत, जिच्यावर मला सगळ्यात जास्त रेंगाळावेसे वाटते. देणे फेडले कोणी? देवेंद्रनाथांनी, हे वाक्य बरोबर आहे. पण पैसे आले कुठून? पेढी गेली होती, खाणी गेल्या होत्या. उरला होता जमिनीचा वसूल. म्हणजे कलकत्त्याच्या निळीच्या सट्ट्यात झालेला तोटा बिराहीमपूर, शहाजादपूर, काळीग्राम इथल्या कुळांच्या भातातून आणि तागातून भरून निघाला. लंडनमधल्या हुंड्या न वटल्याचे कारण त्या कुळांना कधी कळले असेल असे वाटत नाही. यावर उत्तर दिले जाते की खंड पूर्वीही घेतलाच जात होता, तो टागोरांनी ऐषआरामावर न उधळता कर्ज फेडण्याकडे वळवला, कुळांवर नवे ओझे टाकले नाही. उत्तरात तथ्य आहे. सुरुवातीच्या वर्षांतली काटकसर मुख्यतः घरखर्चातलीच होती. पण कर्जात अडकलेल्या जमीनदाराला वसुलीत ढिलाई परवडत नाही, आणि दुष्काळी वर्षी सूट द्यायलाही तो धजत नाही, हे त्या पद्धतीच्या स्वभावातच होते. कुमारखालीहून १८६३ पासून 'ग्रामवार्ता प्रकाशिका' हे पत्र काढणाऱ्या कांगाल हरिनाथ मजुमदारांनी जमीनदारांच्या जुलमावर जे लिहिले त्यात टागोरांचा अपवाद केला नाही. १८७३ मध्ये पाबना जिल्ह्यातल्या युसुफशाही परगण्यात कुळांनी संघ उभारून वाढीव खंड आणि नाना प्रकारच्या 'आबवाब' पट्ट्या द्यायला नकार दिला, तेव्हा ज्या घराण्यांविरुद्ध ही चळवळ होती त्यांत शहाजादपूरचे टागोरही होते. १८४८ चे देणे आणि १८७३ ची चळवळ यांच्यात सरळ दोरी ओढणे चुकीचे होईल. खंडवाढ बंगालभर चालू होती आणि कर्जमुक्त जमीनदारही ती करत होते. परंतु त्यागाच्या कथेत कुळांना जागाच नाही, एवढे तरी त्यावरून म्हणता येते. तडजोडीच्या सभेत धनको होते, मालक होते, गॉर्डन होता. ज्यांच्या घामातून हप्ते जाणार होते त्यांचा प्रतिनिधी कोणी नव्हता, आणि असावा असे त्या काळात कोणाच्या मनातही आले नसते.

याने माझा मूळ मुद्दा कोसळत नाही, पण त्याची हद्द ठरते. द्वारकानाथांच्या ट्रस्टने आणि देवेंद्रनाथांच्या उघड हिशेबाने धनको आणि ऋणको यांच्यातला प्रश्न त्या काळच्या कोणत्याही कोर्टापेक्षा चांगला सोडवला. जमीनदाऱ्या तुकड्यांत विकल्या गेल्या नाहीत, धनकोंना पैसे मिळत राहिले आणि घराणे उभे राहिले. तिसऱ्या पक्षाचा, म्हणजे जमीन कसणाऱ्याचा प्रश्न या तडजोडीने सोडवला नाही, कारण तो तिच्यासमोर आलाच नव्हता. तो आला पुढच्या पिढ्यांत, आणि तोही त्याच जमिनींवर. त्यातली काळीग्रामची जमीनदारी रवींद्रनाथांकडे आली. सावकाराच्या व्याजात बुडालेल्या तिथल्या कुळांसाठी त्यांनी १९०५ मध्ये पतिसर इथे कृषी बँक काढली आणि नोबेल पारितोषिकाची रक्कमही तिच्यात ठेवली. बँक चालली, कुळांना सावकारापेक्षा स्वस्त कर्ज मिळाले. मग १९३० च्या दशकात बंगाल सरकारने शेतकऱ्यांच्या कर्जासाठी कायदा करून गावोगावी ऋण सालिशी बोर्डे बसवली. त्यांनी कुळांची कर्जे कमी केली आणि हप्ते लांबवले. बँकेची येणी त्यात अडकली, ठेवी परत देणे तिला जमेना आणि ती बंद पडली. द्वारकानाथांच्या पणजोबा-खापरपणजोबांच्या काळापासून बंगालात जे कधी घडले नव्हते ते घडले : देणे कसे फेडायचे हे ठरवणाऱ्या बैठकीत या वेळी कूळ बसले होते, आणि धनकोच्या जागी टागोर होते.